घर स्वस्त, पण राहण्यासारखं आहे का? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘मॉडर्न आर्किटेक्चर आणि परवडणारी घरं’ यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आले. सारखे होते ते एकत्र केलेत, लांब होते ते कापलेत, आणि बिल्डर मंडळींना लावलेली काही विशेषणं संपादकांनी गाळलीत, मी नाही.

प्रश्न: मॅडम, परवा नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत गेलो होतो. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं जगप्रसिद्ध काम म्हणून खूप ऐकलं होतं. पण तिथे कौलारू घरं मोजकीच उरलीत, बाकी सगळीकडे टाइल्स लावलेले दोन-तीन मजली बंगले, ग्रिल, स्टीलची रेलिंग. मग हा प्रयोग फसलाच म्हणायचा ना? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: नाही हो. घरं बदलणार, वाढणार, लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घालणार हे धरूनच कोरियांनी ती आखली होती. बाथरूमच्या टाइल्स बाहेरच्या भिंतीला लावलेल्या त्यांना आवडल्या असत्या असं मी म्हणणार नाही, पण मालकाला त्या लावता याव्यात अशीच सगळी योजना होती.

जरा मागून सांगते. १९६५ च्या आसपास कोरिया, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल या तिघांनी मुंबई उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर करा असा प्रस्ताव मांडला, पुढे १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली आणि सुरुवातीची काही वर्षं कोरिया तिथे चीफ आर्किटेक्ट होते. आर्टिस्ट व्हिलेज मात्र नंतरचं, १९८३ ते १९८६ मधलं. जागा साधारण साडेपाच हेक्टर, कुटुंबं साधारण साडेपाचशे, म्हणजे हेक्टरी पाचशेच्या आसपास माणसं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात लागेल.

रचना अशी की सात घरं एका छोट्या चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यामध्ये साधारण बारा बाय बाराचा मोठा चौक, अशा एकवीस-एकवीसच्या तीन गटांमध्ये त्याहून मोठी मोकळी जागा, असं वाढत वाढत शेवटी सगळ्या वसाहतीची शाळा, बाजार आणि मधून जाणारा ओढा. म्हणजे पोरगं रांगतं-चालतं असताना दारातल्या चौकात, जरा मोठं झालं की पुढच्या चौकात, मग मैदानावर, आणि आईने ओट्यापाशी उभं राहून हाक मारली की ऐकू जाईल एवढंच अंतर. आपल्याकडे वाड्यात आणि कोकणातल्या वाडीत हे आपोआप होत होतं, इथे ते हिशोबाने केलंय.

पण मला सगळ्यात हुशारीची वाटते ती गोष्ट फोटोत दिसत नाही. तिथे शेजारशेजारच्या घरांची भिंत सामाईक नाही. वरवर बघता जागा वाया गेली असं वाटतं, पण सामाईक भिंत असली की शेजाऱ्याला विचारल्याशिवाय तुम्ही वरचा मजला चढवू शकत नाही आणि मग भांडणं, नोटिसा, कोर्ट. इथे भिंत स्वतःची, छप्पर स्वतःचं, पुढचंमागचं अंगण स्वतःचं. प्लॉटही साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरमधले, म्हणजे शिपायाचा आणि साहेबाचा प्लॉट यात फार मोठी दरी नाही. बांधकाम असं साधं की गवंडी आणि सुतार पुरे, क्रेन नको, त्यामुळे दहा वर्षांनी खोली वाढवायची झाली तरी नाक्यावरचा गवंडीच पुरतो. आणि हे काही बेलापूरलाच एकदम सुचलेलं नाही, साठच्या दशकाच्या शेवटी पेरूच्या लिमा शहरात ‘प्रेव्ही’ नावाच्या वसाहतीसाठी जगभरच्या आर्किटेक्टना बोलावलं होतं त्यात कोरियाही होते, तिथलीही कितीतरी घरं आज मूळ नकाशावरून ओळखू येत नाहीत इतकी वाढलीत, आणि तिथले लोक आनंदात आहेत.

आता माझ्या तक्रारी. एक म्हणजे घर विकायला पूर्ण मोकळीक, त्यामुळे नवी मुंबईचे भाव चढले तशी ज्यांच्यासाठी ही घरं काढली ती माणसं तिथे घर घेऊच शकत नाहीत. दुसरं, बऱ्याच चौकांत आता गाड्या लागतात, १९८३ मध्ये अल्प उत्पन्न गटातल्या माणसाच्या दारात कार येईल असं कोणी धरलंच नव्हतं. आणि तिसरी तक्रार सगळ्यात मोठी, हा नमुना पुढे कोणी गिरवला नाही. एकदा केलं, जगभरच्या पुस्तकांत फोटो छापून आले, विद्यार्थ्यांच्या सहली सुरू झाल्या, आणि सरकारी खाती परत ब्लॉककडे वळली, आधी चार मजली मग बावीस मजली. फसलंच असेल तर ते इथे फसलं, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये नाही.

प्रश्न: बैठी घरं हे तुम्हा आर्किटेक्ट लोकांचं रोमँटिक खूळ आहे. मुंबईत जमीनच नाहीये. टॉवरशिवाय पर्याय काय? (एक वाचक, कांदिवली)

उत्तर: राग समजू शकते, रोज विरार लोकल बघणाऱ्या माणसाला हे खूळच वाटणार. पण एकदा कागद-पेन घेऊन बसा.

धरा हजार माणसं आहेत आणि माणशी १० चौरस मीटर घर द्यायचंय, म्हणजे एकूण बांधकाम १०,००० चौरस मीटर. शिवाय शाळा, मैदान, रस्ता, दवाखाना, भाजीबाजार याला माणशी ८ चौरस मीटर जमीन धरा (हा आकडा मी हिशोबापुरता घेतलाय), म्हणजे ८,००० चौरस मीटर, आणि ही जमीन एकावर एक रचता येत नाही, मैदान तिसऱ्या मजल्यावर जात नाही. आता सगळी घरं बैठी केली तर १०,००० अधिक ८,००० म्हणजे १८,००० चौरस मीटर जमीन लागली. दोन मजली केली तर १३,०००. चार मजली केली तर १०,५००. आठ मजली, ९,२५०. आणि वीस मजली, ८,५००.

दिसलं का? एकाचे दोन मजले केले तर पाच हजार चौरस मीटर वाचले, पण चाराचे वीस केले तर फक्त दोन हजार. आणि यात इमारतींमधलं अंतर धरलेलंच नाही, ते धरलं तर उंच इमारतीला जास्त सोडावं लागतं म्हणजे बचत अजून कमी. उलट चार मजल्यांच्या वर गेलात की लिफ्ट, जास्त ताकदीचे पंप, आग विझवायची यंत्रणा, जास्त लोखंड, आणि या सगळ्याचा मेंटेनन्स दर महिन्याला, कायमचा. बेलापूरचे हेक्टरी पाचशे म्हणजे माणशी वीस चौरस मीटर जमीन, आपल्या गणितातल्या बैठ्या घरांच्या जवळपासच की.

मग टॉवरवाले हेक्टरी इतकी हजार माणसं बसवतात कशी? मजले वाढवून नाही, शाळा-मैदानाचे ते माणशी ८ चौरस मीटर २ वर आणून. मैदान गेलं, शाळा गेली, दवाखाना ‘पुढच्या फेजमध्ये’ गेला. कोरिया हेच आयुष्यभर सांगत राहिले. अगदी १९६१ मध्ये, तिशीत असताना, गुजरात हाउसिंग बोर्डाच्या स्पर्धेत सगळे चार मजली फ्लॅट काढत होते तेव्हा त्यांनी ३.६ मीटर रुंद आणि १८.२ मीटर लांब अशी अरुंद घरं ओळीने बसवून तेवढीच दाटी गाठून दाखवली, घरही मोठं मिळत होतं. छप्पर उतरतं, गरम हवा वर चढून माथ्यावरच्या फटीतून बाहेर आणि खालून गार हवा आत, अहमदाबादच्या उन्हात पंख्याची भिस्त कमी. नमुन्याचं ते घर १९९५ मध्ये पाडलं, असो.

मी टॉवरच्या विरोधात नाही. परळ-लालबागला बैठी घरं बांधा म्हणाले तर मलाच लोक हाकलून देतील आणि बरोबर करतील. पण पनवेल, टिटवाळा, वाघोली, बुटीबोरीच्या मोकळ्या माळावर २२ मजले का, याचं उत्तर ‘जमीन नाहीये’ हे असू शकत नाही, तिथे उत्तर एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाच्या, हिशोबात शोधा. आणि टॉवर किंवा बंगला एवढे दोनच प्रकार जगात आहेत असंही नाही. बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादला एलआयसीसाठी १९७३ च्या सुमाराला तीन मजली घरं केली, त्यात सगळ्यात मोठं घर तळाला, मधलं त्याच्यावर आणि सगळ्यात लहान वर, पण लहानवाल्याला गच्ची, म्हणजे त्यालाही पुढे वाढता येतं.

प्रश्न: आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलं की १९७२ मध्ये अमेरिकेत प्रुइट-आयगो ही सरकारी घरांची वसाहत पाडली तेव्हा मॉडर्न आर्किटेक्चर मेलं. हे खरं आहे का? परीक्षेत काय लिहू? (आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: परीक्षेत जे शिकवलंय ते लिही, मार्क महत्त्वाचे आहेत. खाली जे सांगते ते व्हायवाला सांग.

तो मृत्यूचा दाखला चार्ल्स जेंक्स या समीक्षकाने दिला, अगदी तारीख-वेळेसकट, आणि वाक्य चटपटीत असल्याने पन्नास वर्षं चाललंय. प्रत्यक्षात सेंट लुईसमधली ही वसाहत म्हणजे ११ मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० फ्लॅट, १९५० च्या दशकाच्या मध्याला पूर्ण. आर्किटेक्ट मिनोरू यामासाकी, ज्यांनी नंतर न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर केलं, म्हणजे बिचाऱ्यांची दोन मोठी कामं टीव्हीवर कोसळताना जगाने पाहिली. यामासाकींना इथे काही इमारती बुटक्या, काही उंच असं मिश्रण हवं होतं, ते खर्चाच्या मर्यादेत बसेना म्हणून सगळ्याच ११ मजली झाल्या. पैसे वाचवायला लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची, बाकीच्यांनी जिना चढायचा किंवा उतरायचा. कागदावर हे फार स्मार्ट दिसत होतं. रात्री नऊ वाजता एकटीने त्या जिन्यात उतरायचं असेल तर कसं दिसतं हे कोणी विचारलं नाही.

पण डिझाइन हा निम्मा भाग, आणि मला विचारशील तर लहान निम्मा. बांधायचा पैसा सरकारने दिला, पण सांभाळायचा पैसा भाड्यातून काढायचा असा नियम. त्यात सेंट लुईस शहरच रिकामं होत होतं, १९५० मध्ये तिथे साडेआठ लाखांवर लोक होते ते १९७० पर्यंत सव्वासहा लाखांवर आले. ज्यांना जमलं ते, मुख्यतः गोरे, उपनगरात गेले, राहिले ते सगळ्यात गरीब, काळे. घरं रिकामी पडली, भाडं कमी आलं, दुरुस्ती थांबली, दुरुस्ती थांबली म्हणून अजून लोक गेले, आणि १९६९ मध्ये उरलेल्या भाडेकरूंनी भाडंच बंद केलं. अशा चक्रात अजिंठ्याच्या कारागिरांनी बांधलेली इमारतसुद्धा टिकली नसती. मॉडर्निझमचा दोष नाही असं नाही म्हणत मी, पण गरिबांसाठी लिफ्टवाली इमारत बांधून लिफ्टचा पैसा गरिबांकडूनच काढायचा, हा निर्णय कुठल्या आर्किटेक्टने घेतला नव्हता. आपल्याकडच्या पुनर्वसनाच्या कुठल्याही टॉवरमध्ये जाऊन बंद लिफ्टपुढे उभी राहा, मग हा धडा पुस्तकातून वाचायची गरज पडणार नाही.

प्रश्न: मॅडम आमची झोपडी एसआरएमध्ये (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) गेली, ॲनेक्शर-२ मध्ये (पात्र झोपडीधारकांच्या यादीत) नाव आहे, सध्या भाड्याने राहतोय. पण माझी बहीण ज्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये गेली तिथे दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते आणि तिचा मुलगा सारखा खोकतो. ती म्हणते झोपडीच बरी होती. आमचं असं होऊ नये म्हणून आधी काय बघायचं? (एक वाचक, मानखुर्द)

उत्तर: ताई, तुमच्या बहिणीची तक्रार अगदी खरी आहे. गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींमध्ये, नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडसारख्या, डॉक्टरांच्या एका संस्थेने पाहणी केली होती आणि घरात ऊन-वारा न येणं आणि टीबी यांचा संबंध त्यात समोर आला, २०१८ च्या सुमाराला पेपरांतही आलं होतं. त्यामुळे मुलाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर हवामान बदललंय असं म्हणत बसू नका, जवळच्या महापालिका दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या, ती फुकट असते. हे आधी करा, बाकीचं नंतर वाचा.

आता इमारतीबद्दल. गंमत म्हणजे आपण ज्या इमारतीची नक्कल करतोय असं सांगितलं जातं, ती फ्रान्समधल्या मार्सेची, आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएची, १९५२ ची, ३३७ घरांची. युद्धात बेघर झालेल्यांसाठी. तीही लांबलचक, उंच, आतून जाणाऱ्या कॉरिडॉरची. पण तिथे कॉरिडॉर दर तीन मजल्यांत एकच, आणि जवळजवळ प्रत्येक घर खालीवर दोन पातळ्यांत असं गुंफलेलं की ते इमारतीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार जातं. एका खिडकीतून वारा आत, दुसरीतून बाहेर. आपण कॉरिडॉर उचलला, उंची उचलली, लांबी उचलली आणि आरपार घर तेवढं सोडून दिलं. आपल्याकडे दोन्ही बाजूंना घरं, मध्ये अंधारा पॅसेज, प्रत्येक घराला एकाच बाजूने खिडकी, आणि तीही समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीवर उघडणारी. आत आलेला वारा जाणार कुठे?

तुम्ही काय करायचं तर मंजूर नकाशाची कॉपी सोसायटीच्या कमिटीकडे मागा, सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. त्यात दोन इमारतींमधलं अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. तीन-चार मीटर असेल तर खालच्या मजल्यांना ऊन विसरा. पॅसेजची दोन्ही टोकं बाहेर उघडतात का ते बघा, की एका टोकाला मीटर रूम आणि दुसऱ्या टोकाला भिंत. संडास-बाथरूमच्या खिडक्या ज्या डक्टमध्ये उघडतात तो डक्ट खालून साफ करायला दार आहे का, नसेल तर दोन वर्षांत त्यात कबुतरं आणि डायपर भरतात. लॉटरीने घर मिळतं त्यामुळे मजला तुमच्या हातात नाही हे मला माहितीये, पण नकाशा सभेत सगळ्यांनी मिळून आधी बघितला आणि लेखी हरकत घेतली तर निदान कॉरिडॉरची टोकं उघडी ठेवणं, जाळीच्या भिंती, डक्टचं दार एवढं तरी पदरात पडू शकतं. इमारतीचा पाया एकदा घातला की मग कोणी ऐकत नाही. आणि घर मिळालं की पहिल्या दिवाळीत ती बाल्कनी किंवा खिडकीबाहेरची जागा स्लायडिंग लावून आत घेऊ नका, सगळेच घेतात, आणि मग जो थोडा वारा असतो तोही जातो.

प्रश्न: आमच्या टू बीएचकेचं किचन इतकं अरुंद आहे की मी ओट्याशी असले की सासूबाईंना फ्रिज उघडता येत नाही. हे असलं किचन कुणाच्या डोक्यातून निघालं? (एक वाचक, सिंहगड रोड, पुणे)

उत्तर: नाव-गाव सांगते, पण शिव्या घालू नका, बाई मोठी होती. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की, व्हिएन्नाची, १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या सरकारी वसाहतींसाठी तिने किचन काढलं, साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, आणि अशी दहा हजारांच्या आसपास बसवली गेली. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन तिच्यासमोर होतं. कुठून कुठे किती पावलं पडतात याचा घड्याळ लावून हिशोब, साखर-तांदळाला ॲल्युमिनियमचे खण, फिरतं स्टूल, ओट्यावर खिडकी. नोकरी करणाऱ्या बाईचा वेळ वाचावा हा शुद्ध हेतू. स्वतः स्वयंपाक फारसा केलेला नव्हता हे तिनेच पुढे सांगितलंय, आणि मला तरी त्यातून बरंच काही कळतं.

कारण ते किचन एका बाईचं आहे. एकच बाई, उभी, पाठमोरी, दार सरकवून बंद. तुमच्याकडे एकजण पोळ्या लाटणार, दुसरी भाजी चिरणार, तिसरं कोणी ‘पाणी दे’ म्हणत दारात. नवरा कधीमधी. बिल्डरने १.९ ची रुंदी ठेवली आणि ओट्यावरची खिडकी मात्र ड्राय बाल्कनीकडे उघडली. करण्यासारखं एवढंच की फ्रिज बाहेर डायनिंगमध्ये घ्या, दार असेल तर काढून टाका, आणि भांडी घासायचं सिंक ड्राय बाल्कनीत नेता आलं तर बघा. सासूबाईंना माझा नमस्कार.

प्रश्न: मी नोकरीनिमित्त व्हिएन्नात राहतो, महापालिकेच्या जुन्या घरात राहणारे माझे सहकारी आहेत. घरं शंभर वर्षं जुनी, पण उत्तम. मुंबईत त्याच काळातल्या बीडीडी चाळी पाडाव्या लागतायत. फरक कुठे पडला? (एक वाचक, व्हिएन्ना)

उत्तर: काळ खरंच एक आहे. बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, तळ अधिक तीन मजले, एकेका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास बाहेर कॉमन. बांधकाम सिमेंट काँक्रीटचं, त्या काळी नवंच. तुमचं कार्ल-मार्क्स-होफ १९२७ ते १९३० मधलं, किलोमीटरभर लांब, १,३८२ घरं, आर्किटेक्ट कार्ल एन. घरं तिथेही लहानच, बाथरूम प्रत्येक घरात नव्हतं, पण संडास घरात, आणि प्लॉटच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच बांधकाम, बाकी बाग-अंगण. धुलाईघर, बालवाडी, लायब्ररी, दवाखाना वसाहतीतच.

इथे ब्रिटिश सरकारला गिरण्यांसाठी मजूर ठेवायचे होते, तिथे निवडून आलेल्या महापालिकेला मतदारांसाठी घरं करायची होती, हा पहिला फरक. दुसरा पैशाचा, व्हिएन्नाने १९२३ मध्ये घरांवर खास कर लावला, मोठ्या घराला जास्त आणि लहानाला नाममात्र, आणि त्यातून दहा-अकरा वर्षांत साठ हजारांवर घरं उभी केली. आणि तिसरा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यांनी ती घरं विकली नाहीत. मालक अजून महापालिका, भाडं येतं, दुरुस्ती होते. आपण लॉटरी काढतो, घर विकतो आणि हात झटकतो, मग ते घर काही वर्षांनी बाजारभावाने तिसऱ्याच्या हातात. बीडीडीवाल्यांना आता ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय आणि ते त्यांना मिळायलाच हवं, शंभर वर्षं १६० फुटांत काढलीत त्या लोकांनी. पण व्हरांड्यात कॅरम, दहीहंडीची मीटिंग आणि आजारी माणसावर शेजाऱ्यांचं लक्ष, हे ज्या कॉमन पॅसेजमुळे होत होतं तो लिफ्टच्या लॉबीत कसा आणायचा याचा विचार नकाशात फारसा दिसत नाही.

प्रश्न: सरकारी योजनेतला ३० चौरस मीटरचा फ्लॅट लागलाय. हॉल आणि बेडरूममधली भिंत काढून एकच मोठी खोली करता येईल का? काँट्रॅक्टर म्हणतो सहज होईल. (एक वाचक, तळोजा)

उत्तर: काँट्रॅक्टर बदला. अशा बऱ्याच प्रकल्पांत भिंती विटेच्या नसून ‘मिव्हॅन’ म्हणजे ॲल्युमिनियम शटरिंगमध्ये स्लॅबसोबतच ओतलेल्या काँक्रीटच्या असतात, नाहीतर कारखान्यात तयार करून आणलेल्या. या भिंतीच इमारत उचलून धरतात, तिथे वेगळे कॉलम शोधू नका. खिळा ठोकताना हातोडी उडत असेल तर भिंत त्यातलीच आहे असं समजा. ती तोडणं बेकायदा आहेच, शिवाय वरचे सगळे मजले तिच्यावर आहेत. पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्रीपर्यंत तापलेली राहते ही तक्रारही बऱ्याच जणांनी लिहिलीये, त्यावर बाहेरून पांढरा रंग आणि सावली एवढाच स्वस्त उपाय.

प्रश्न: शहराच्या हद्दीत ५०० चौरस फुटांचा प्लॉट आहे, हातात पैसे थोडे. एक खोली बांधून थांबलो तर पुढे वाढवता येईल का? लोक म्हणतात अर्धवट घर अपशकुनी. (एक वाचक, लातूर)

उत्तर: अर्धवट घरावर दोन माणसांना आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा मान मिळालाय, त्यामुळे शकुनाचं सोडा. चिलीच्या आलेहांद्रो आरावेना यांनी इकिके शहरात २००४ मध्ये झोपडपट्टीतल्या कुटुंबांना त्याच जागेवर अर्धी-अर्धी घरं दिली, बाकीचं अर्धं ज्याचं त्याने बांधायचं, त्यांना २०१६ मध्ये प्रित्झकर मिळालं. २०१८ मध्ये ते आपल्या दोशींना मिळालं, पुण्यात जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले, आणि त्यांच्या नावावर इंदूरची ‘अरण्य’ वसाहत आहे, ८५ हेक्टर, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, सगळ्यात लहान ३५ चौरस मीटरचा, तुमच्या प्लॉटहूनही छोटा. तिथे सगळ्यात गरिबाला घर दिलंच नाही, जोतं, संडास-मोरी, पाणी-ड्रेनेजची जोडणी आणि एक खोली एवढंच दिलं, आणि नमुन्यादाखल ८० घरं बांधून दाखवली की बघा, असं असं वाढवता येतं. बाकी लोकांनी केलं. कोणी पुढे दुकान काढलं, कोणी वर भाडेकरू ठेवला.

तुम्हीही तसंच करा. आज पैसा जमिनीखाली आणि मोरीत घाला. जोतं पूर्ण घराचं एकदमच, फुटिंग वरच्या मजल्याचं ओझं धरून. जिना आत न घेता बाजूने, म्हणजे उद्या वरची खोली भाड्याने देताना भाडेकरू तुमच्या स्वयंपाकघरातून जाणार नाही. खोलीला समोरासमोर दोन खिडक्या. वर सोडलेल्या कॉलमच्या सळया उघड्या ठेवू नका, गंजतात, कमी सिमेंटच्या काँक्रीटने झाकून ठेवा, पुढे फोडता येतं. विटा वाचवायच्या असतील तर आर्किटेक्ट लॉरी बेकर केरळात वापरायचे तो रॅट-ट्रॅप बाँड आहे, वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची आणि मध्ये पोकळी, पाव हिश्श्याच्या आसपास विटा वाचतात आणि घर गार राहतं, पण गवंड्याला येत असेल तरच. येत नसेल तर आधी कंपाउंडच्या भिंतीवर हात साफ करू द्या.

एकच गोष्ट कापू नका. तुमचा जिल्हा किल्लारीचा आहे, १९९३ तुम्हाला मी सांगायला नको. जोत्याला, लिंटेलला (दार-खिडक्यांच्या वर) आणि छपराखाली असा काँक्रीटचा सलग पट्टा हवाच, रॅट-ट्रॅप लावलात तर कोपऱ्यात उभ्या सळयाही. गवंडी म्हणेल एका खोलीला कशाला बँड, त्याचं ऐकू नका. नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या, आणि पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या प्लॉटवर बांधणाऱ्यांसाठी वेगळा घटक आहे त्याची महापालिकेत चौकशी काम सुरू करायच्या आधी करा, कारण हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे आणि फोटो बघून मिळतात. जोतं आधीच झालेलं असेल तर त्या हप्त्यासाठी चकरा तुम्हालाच माराव्या लागतील.